निवृत्तीनंतर मॉडेल रेल्वेकडे परतताना: रुळांपर्यंत वीज नीट कशी पोहोचवावी

नोकरीच्या काळात माळ्यावर टाकलेला आगगाडीचा खोका निवृत्तीनंतर खाली उतरवणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "आधी एक चांगले नवे इंजिन घ्या" हा होय, आणि माझ्या मते तो सर्वांत निरुपयोगी आहे. हौस पुन्हा बंद पडते ती इंजिनापायी नव्हे. गाडी पलीकडच्या वळणावर मंदावते, सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते तेथे, अडते आणि दर फेरीला बोटाने ढकलावी लागते, म्हणून महिन्याभरात खोका परत माळ्यावर जातो. या सगळ्याचे मूळ बहुतेक वेळा एकच असते: रुळांपर्यंत वीज नीट पोहोचत नाही. त्यामुळे इतर पायऱ्या मी येथे थोडक्यात उरकणार आहे आणि ज्या कामाशी मला स्वतःला बराच काळ झगडावे लागले, त्या रुळाला तार डागण्याच्या, म्हणजे सोल्डरने जोडण्याच्या, कामावर सविस्तर लिहिणार आहे.

जुन्या सामानाची निवड

गंज चढलेले पोलादी रूळ मोह न ठेवता भंगारात द्यावेत. पितळी रूळ चालवता येतात, परंतु आपल्या दमट हवेत ते इतक्या लवकर काळवंडतात की गाडी चालवण्यापेक्षा पुसण्यातच वेळ जातो. नवे रूळ घ्यायचे तर निकेल सिल्व्हर या तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचेच घ्यावेत. रूळ कधीही खरखरीत पॉलिश पेपरने घासू नयेत, कारण त्याच्या ओरखड्यांत पुढची काजळी अधिक घट्ट बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले सुती कापड पुरेसे असते. इंजिनाच्या प्रत्येक बेअरिंगला सुईच्या टोकाने पातळ तेलाचा एकच थेंब द्यावा. घरात आहे म्हणून खोबरेल तेल वापरण्याचा सल्ला मी अनेकांकडून ऐकला आहे. ते थंडीत गोठते, हे सांगणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

जागा आणि मोजमाप

एचओ या मॉडेल रेल्वेच्या प्रचलित मापात प्रमाण १:८७ असते आणि दोन रुळांतील अंतर १६.५ मिमी. हे अंतर १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचे आहे. आपल्या १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजला खरे तर १९.३ मिमी हवे. भारतीय गाड्या करणाऱ्यांनी ही तफावत मुकाट्याने स्वीकारावी, कारण ती सुधारण्याच्या नादात प्रत्येक चाक आणि प्रत्येक सांधा हाताने घडवावा लागतो. अधिक महत्त्वाचा प्रश्न लांबीचा आहे. हल्लीच्या एक्सप्रेस गाड्यांचा एलएचबी डबा सुमारे साडेतेवीस मीटर लांब असतो, म्हणजे या मापात २७ सेंटिमीटर. पाच डबे आणि इंजिन मिळून गाडी दीड मीटरच्या पुढे जाते, आणि ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणावर ती अतिशय विद्रूप दिसते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ मध्ये खुले झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. कागदावर आराखडा काढण्यापूर्वी तेथे जाऊन गाडीला वळायला किती जागा लागते, ते डोळ्यांनी पाहून यावे.

दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्यांना मी नेहमी नॅरोगेज सुचवतो. पूर्वीची बार्शी लाइट रेल्वे किंवा मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला यांचे ७६२ मिमीचे गेज १:८७ मध्ये पावणेनऊ मिमीच्या आसपास येते, आणि ९ मिमीचे रूळ बाजारात तयार मिळतात. डबे आखूड, वळणे तीव्र आणि चार डब्यांची गाडीही पूर्ण वाटते.

फळी

बारा मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय लाकडी चौकटीवर स्क्रूने बसवावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना व कडांना रंग द्यावा. भिंतीलगत असेल तर फळीची रुंदी ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, कारण त्यापलीकडे हात पोहोचत नाही आणि घसरलेला डबा नेमका तेथेच पडतो.

रुळाला तार डागणे

रुळांचे तुकडे एकमेकांना जोडणारे पत्र्याचे जॉइनर हे रूळ सरळ रेषेत धरण्यासाठी असतात. वीज वाहून नेण्याचे काम त्यांच्यावर सोपवू नये. नवे असताना ते काम करतात, दोन पावसाळ्यांनंतर करत नाहीत, आणि तोवर खडी चिकटवून झालेली असते. म्हणून प्रत्येक लांब तुकड्याला स्वतःची तारांची जोडी असलीच पाहिजे, यावर मी तडजोड करत नाही. सेटमधले छोटे तुकडे असतील तर तीन-चार तुकडे जॉइनरवर डाग देऊन एकसंध करावेत आणि त्यांना मिळून एक जोडी द्यावी.

हे काम फळीवर वाकून किंवा फळीखाली आडवे पडून करण्याचा सल्ला देणाऱ्यांची पाठ बहुधा तरुण असावी. रूळ ठोकण्यापूर्वीच, टेबलाशी बसून, दिव्याच्या उजेडात सर्व तारा डागून घ्याव्यात. रूळ उलटा ठेवावा, दोन स्लीपरांच्या मधली प्लॅस्टिकची पट्टी धारदार पात्याने कापावी आणि रुळाच्या तळाचा पाच-सहा मिलिमीटरचा भाग बारीक कानशीने चकचकीत होईपर्यंत घासावा. तार येथे बसली की ती वरून दिसत नाही आणि चाकाची कडही तिच्यावर आपटत नाही.

सोल्डरिंग आयर्नबाबत सर्वांत जास्त चुकीची माहिती पसरलेली आहे. स्लीपर वितळतील या भीतीने लोक १५ किंवा २५ वॅटचे आयर्न घेतात आणि नेमके त्यामुळेच स्लीपर वितळतात. कमी ताकदीचे आयर्न रुळाला हवा तेवढा तापवू शकत नाही. ते पंधरा-वीस सेकंद टेकवून धरावे लागते, आणि तेवढ्या वेळात उष्णता रुळातून दोन्ही बाजूंना पसरून प्लॅस्टिक मऊ करते. त्याऐवजी ५० ते ६० वॅटचे, पटाशीसारख्या चपट्या टोकाचे आयर्न पूर्ण तापवून घ्यावे आणि रुळाला तीन सेकंदांपेक्षा जास्त लावू नये. तीन सेकंदांत काम झाले नाही तर आयर्न उचलावे, रूळ थंड होऊ द्यावा, पुन्हा घासावा आणि मग दुसऱ्यांदा प्रयत्न करावा. "आणखी थोडे धरू" हा विचार तेवढा टाळावा. डागायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की जवळचे स्लीपर सुरक्षित राहतात.

सोल्डर ६०:४० कथील-शिशाचे, आत रोझिन (राळ) असलेले आणि बारीक जाडीचे घ्यावे. काही हार्डवेअरच्या दुकानांत पत्र्याच्या कामासाठीचा आम्लयुक्त फ्लक्स (सोल्डर धातूला धरावे म्हणून लावायचा लेप) पुढे केला जातो. तो रुळाला आणि तारेला हळूहळू खातो, म्हणून घरात आणूच नये. आधी रुळाच्या घासलेल्या भागावर थोडे रोझिन फ्लक्स लावून सोल्डरचा पातळ थर द्यावा, मग तारेच्या सोललेल्या टोकावर तसाच थर द्यावा, आणि शेवटी तार रुळावर टेकवून वरून आयर्न दाबावे. दोन्ही थर एकमेकांत मिसळतात आणि नवे सोल्डर जवळजवळ लागत नाही. आयर्न उचलल्यावर तार चार-पाच सेकंद हलता कामा नये. वयानुसार हात थोडा थरथरतो, म्हणून तार कपडे वाळवायच्या चिमट्यात धरावी, दोन्ही कोपरे टेबलावर टेकवावेत आणि डोक्याला अडकवायचे भिंग निःसंकोच वापरावे. खिडकी उघडी असावी आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

चांगला डाग पसरट आणि चकचकीत दिसतो, त्याच्या कडा रुळात विरून जातात. सोल्डर गोळा होऊन वर बसले असेल तर ते आतून चिकटलेले नाही, मग ते कितीही घट्ट वाटो. थंड झाल्यावर तार बोटाने चांगली ओढून पाहावी. सुटायची असेल तर टेबलावरच सुटलेली बरी.

तारांचे रंग ठरवताना "माझ्या जवळचा रूळ काळा, लांबचा लाल" असा नियम करू नये. लंबवर्तुळात समोरच्या बाजूला जवळ असलेला बाहेरचा रूळ मागच्या बाजूला लांबचा होतो, आणि तेथे शॉर्ट सर्किट ठरलेले असते. बाहेरचा रूळ काळा आणि आतला लाल, असाच नियम करावा व बाहेरच्या रुळाला तळाशी नेलपेंटचा ठिपका द्यावा. या तारा भोकांतून खाली सोडून फळीखालच्या दीड चौरस मिमीच्या दोन मुख्य तारांना जोडायच्या असतात, आणि तेथे इलेक्ट्रिशियन वापरतात ती स्क्रूची टर्मिनल स्ट्रिप वापरावी. फळीखाली डाग देऊ नये; वितळलेले सोल्डर खाली पडते आणि खाली आपला चेहरा असतो.

गाडी उलट दिशेने परत आणण्यासाठी वळसा घालून त्याच रुळावर आणण्याचा मोह होतो, पण त्यात बाहेरचा रूळ आतल्या रुळाला जाऊन मिळतो आणि वेगळे स्विच लागतात. सुरुवातीला ते टाळावे. भोर घाटात १९२९ पर्यंत गाड्या रिव्हर्सिंग स्टेशनवर थांबून उलट दिशेने पुढे जात, तशी रचना केली तर तारांची गुंतागुंत होत नाही आणि देखावाही आपला वाटतो.

रूळ बसवणे आणि तपासणी

तारा डागलेले तुकडे आराखड्यानुसार बसवताना सरळ भागातले जॉइनर मोकळेच ठेवावेत. ९१४ मिमीचा तुकडा २५ अंश तापमानवाढीत सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो. डिसेंबरात रूळ बसवत असाल तर दोन तुकड्यांच्या मध्ये लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून फट राखावी. मे महिन्यात बसवत असाल तर फटीची गरज जवळजवळ नसते. लवचीक रुळांचा जोड वळणावर येत असेल तर मात्र दोन्ही तुकडे सरळ असतानाच जॉइनर डागून पक्का करावा आणि मग वाकवावे, नाहीतर तेथे कोन पडतो.

नुसत्या मल्टिमीटरने केलेली तपासणी फसवी असते. रुळावर भार नसताना खराब जोडाच्या पलीकडेही मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा दिवा दोन तारा लावून प्रत्येक तुकड्यावर टेकवावा आणि तो पेटलेला असतानाच व्होल्टेज मोजावे. गाडीचा वेग ठरवणाऱ्या कंट्रोलरजवळच्या आकड्यापेक्षा कोठेही अर्ध्या व्होल्टहून जास्त घट दिसली, तर त्या तुकड्याचा डाग किंवा टर्मिनलचा स्क्रू पुन्हा पाहावा. त्यानंतर सर्वांत लहान इंजिन सर्वांत कमी वेगाने दोन्ही दिशांनी फिरवावे आणि ते केवळ सांध्यांवरच अडत असेल तर सांध्यातला फ्रॉग, म्हणजे दोन रूळ जेथे एकमेकांना छेदतात तो तुकडा, विजेशी जोडलेला आहे का, ते तपासावे.

खडी ही तपासणी पूर्ण झाल्याशिवाय टाकू नये. टाकल्यावर पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांडी धुण्याच्या द्रवाचा थेंब मिसळून ते ड्रॉपरने सोडावे, सांध्यांची हलणारी पाती मात्र कोरडी ठेवावीत, आणि पूर्ण वाळल्यावर रुळांचा माथा पुसूनच कंट्रोलर सुरू करावा.