डोलकाठीच्या तारा: ताण किती, गाठ कशी

शिडाच्या छोट्या बोटीची डोलकाठी उभी आहे आणि डोक्यावरून विजेची तार जात नाही, इतकं तुम्ही पाहिलंच असणार. काठीला डावी-उजवीकडून धरणाऱ्या बाजूच्या दोन तारा बोटीच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्यांत, दोन्हीकडे सारख्याच भोकात पिन घालून अडकवा. मोठं शीड चढवायची दोरी डाव्या-उजव्या पट्टीपर्यंत ताणून पाहा. मापं जुळली, की काठी मधोमध.

टर्नबकलशिवाय, म्हणजे पिळून तार ताणायच्या आट्यांच्या जोडणीशिवाय, भागत नाही, असं सांगणारे भेटतील. बारा-चौदा फुटी बोटीला ते उगाच ओझं. लावायचंच तर स्प्लिट पिन घालून वर टेप गुंडाळा; नुसतं पिळलेलं टर्नबकल थरथरीनं आपोआप सुटतं. आट्यांना ग्रीसही हवं, नाहीतर स्टेनलेसचे आटे एकमेकांत रुतून बसतात.

खरी मेख पुढच्या तारेत आहे. ती नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, कडीला दोरीनं बांधायची. मी पहिलं वर्षभर दात-ओठ खाऊन दोरी ओढायचो आणि गाठ मारेपर्यंत निम्मा ताण निघून जायचा. त्यात दोरी नायलॉनची. भिजली की ताणते. गंगापूर धरणाच्या मधोमध दुपारच्या वाऱ्याच्या झोतात काठी पुढे-मागे झुलायला लागली, तेव्हा शीड उतरवून वल्हं मारत काठ गाठला. खांदे दोन दिवस दुखत होते.

तर हातानं ताण आणायच्या भानगडीत पडूच नका. पुढचं शीड चढवायची दोरी नाळेच्या कडीत अडकवा आणि जोडीदाराला ती ताणून धरायला सांगा. काठी पुढे येते, बाजूच्या तारा ताठ होतात, पुढची सैल पडते. आता तीन-चार मिलिमीटरच्या डायनीमाचे (ही न ताणणारी मजबूत दोरी) तारेच्या टोकाच्या डोळ्यातून कडीत पाच-सहा वेढे घ्या. शेजारी-शेजारी, एकावर एक नकोत. प्रत्येक वेढ्याची ढील काढा. मग सगळ्या वेढ्यांभोवती निदान पाच अर्धगाठी मारा आणि वीतभर शेपूट ठेवा. डायनीमा गुळगुळीत असतो. एकदोन गाठींना तो भीक घालत नाही. आता जोडीदाराची सुटका करा.

ताण किती? जमिनीवर तार सतारीसारखी वाजली तर फार झाला. खरी परीक्षा पाण्यात. मध्यम वाऱ्यात, वाऱ्यावर तिरकं चढताना, वाऱ्याकडची तार ताठ आणि दुसरी जेमतेम सैल हवी. ती लोंबत असेल तर पट्टीचं एक भोक आवळा, दोन्हीकडे.

काठी उतरवताना आधी पुढच्या शिडाची तीच दोरी पुन्हा ताणून धरा, मगच गाठी सोडा. उलट केलंत तर काठी अंगावर येते.