वेल्श बोलायचीय? मग पहिलं वाक्य इंग्रजीत काढू नका

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, काएर्नारवॉनला येऊन मला सहा वर्षं झाली. नव्याने येणारे मराठी लोक विचारतात, इथली भाषा, वेल्श, कशी जमली? वर्ग लावा, अ‍ॅप घ्या, सगळं ठीक. पण आधी एक दुकान ठरवा आणि तिथे पहिल्या दिवसापासून वेल्शनेच सुरुवात करा. ओळख इंग्रजीत झाली की पुढे भाषा बदलताना दोघांनाही अवघडतं. शेजारणीशी मी अजून इंग्रजीतच बोलते. बेकरीतल्या बाईंशी कधीच नाही.

काउंटरवरच्या माणसाच्या अंगावर नारंगी संवाद-फुग्याचा (कॉमिकमध्ये असतो तसा) बॅज दिसला की समजा, हा माणूस वेल्श बोलतो. "बोरे दा", म्हणजे सुप्रभात, म्हणा, मग "पानाद ओ दे", म्हणजे एक कप चहा. अडखळलात की समोरचा भलेपणाने इंग्रजीवर येतो. तेव्हा "द्विन दस्गी", मी शिकतेय, एवढं म्हणा आणि तसंच पुढे चला.

दुधाला दक्षिणेत 'ल्हाएथ', इकडे उत्तरेत 'ल्हेव्रिथ'. हा 'ल्ह' आपल्याकडे नाही. जीभ 'ल'च्या जागी टेकवा, आवाज बंद ठेवा आणि जिभेच्या कडेने नुसती हवा सोडा. मी आठवडाभर भांडी घासताना तेवढंच केलं.

मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात. 'ती' आणि 'खी' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. "दूध आहे का?" "आहे." तसंच इथे, "ओइस ल्हेव्रिथ?" "ओइस." हो-नाहीला एकच ठरलेला शब्द नाही, क्रियापदच परत म्हणायचं. शब्दाचं पहिलं अक्षर मात्र बदलतं: काएर्नारवॉनला जायचं तर 'इ गाएर्नारवॉन'. आपलं 'घोडा'चं 'घोड्याला' शेवटी बदलतं, यांचं सुरुवातीला. चुकलं तरी समोरच्याला कळतं, थांबू नका.

एटीएमवर 'कम्राएग', म्हणजे वेल्श, निवडा. मूल लहान असेल तर वेल्श बालवाडीत, 'किल्ख मेइथ्रिन'मध्ये घाला. आईवडिलांना भाषा यायलाच हवी असं नाही.

2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे 17.8 टक्केच निघाले, आमच्या ग्वीनेद जिल्ह्यात मात्र 64 टक्के. सरकारला 2050 पर्यंत दहा लाख बोलणारे हवेत. शाळांतून मुलं शिकतील, पण भाषा दुकानात कानावर पडली नाही तर वर्गातच राहील. म्हणून तुमचा तो चहा मला महत्त्वाचा वाटतो.

पहिल्या आठवड्यात एवढंच. दुसऱ्या आठवड्यात चहाबरोबर हवामान घाला: "माए हीन ब्राव", छान हवा आहे. पाऊस असेल तर "माए हीन बूरू ग्लाउ".