कांद्याच्या मुळात गुणसूत्रं मोजताना

धुळ्याच्या बाजारातला साधा कांदा घ्या. बुड खरवडून ते पाण्याला जेमतेम टेकेल असा ग्लासवर ठेवा. खान्देशच्या उन्हाळ्यात पाणी रोज बदला, नाहीतर मुळं कुजतात. मुळं 1-2 सेंमी झाली की सकाळी टोकं कापून 24 तास अल्कोहोल व ॲसेटिक आम्लाच्या 3:1 मिश्रणात ठेवा. मग 1 नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात 60 अंशांवर 5 ते 10 मिनिटं. ही पायरी गाळली तर पेशी एकमेकींना सोडत नाहीत आणि स्लाइडवर नुसता गोळा दिसतो. शेवटचे 2 मिमी ॲसिटोकार्मिन या गुणसूत्रं रंगवणाऱ्या द्रवात रंगवा, कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने सरळ दाबा. अंगठा घसरला की स्लाइड गेली.

आता मोजणी. चूक हमखास इथेच होते. मध्यावस्थेत, म्हणजे विभाजनात गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात तेव्हा, प्रत्येक गुणसूत्र दुपदरी असतं, म्हणून पोरं 32 लिहितात. पदर नव्हे, गुणसूत्रबिंदू (दोन पदर जिथे जोडलेले असतात ती जागा) मोजा: 16. डीएनए आधीच दुप्पट झालेला असतो, आकडा मात्र तोच. पुढच्या टप्प्यात, पश्चावस्थेत, बिंदू दुभंगले की पेशीत क्षणभर खरोखर 32, आणि विभाजनानंतर दोन्हीकडे 16-16.

गुणसूत्रं निम्मी करणारं अर्धसूत्री विभाजन मुळाच्या टोकात दिसणार नाही, त्यासाठी कळीतले परागकोश लागतात. तिथे पहिल्याच फेरीत जोड्या फुटून 16 चे 8 होतात. दुसऱ्या फेरीत फक्त पदर सुटतात, प्रत्येक पेशीत 8 च राहतात.

रावेर-यावलच्या केळीत 33 गुणसूत्रं, म्हणजे 11 चे तीन संच. तिघांची जोडी नीट लागत नाही, वाटणी फसते, म्हणून केळ्यात बी धरत नाही.