दंडाला पट्टा बांधण्याआधी

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून जळगावात लॅबला लागलात, की कधीतरी किडनी बदललेला पेशंट समोर येणारच. ऑपरेशन मुंबईला झालेलं असतं, पण दर महिन्याचं रक्त इथंच द्यायचं असतं. पट्टा बांधण्याआधी एकच विचारा: "सकाळची गोळी घेतली का?"

मी विचारलं नव्हतं. चोपड्याकडचे काका पहिल्या एस्टीने आले, टॅक्रोलिमसची लेव्हल होती, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण. आकडा भलताच चढा आला आणि संध्याकाळी मुंबईहून डॉक्टरांचा फोन. काकांना विचारलं तर म्हणाले, "गोयी खाईसनच उनू ना भाऊ!" म्हणजे गोळी खाऊनच आले होते. ही लेव्हल गोळीनंतर 12 तासांनी, पुढची गोळी घ्यायच्या आधी बघायची असते. खोट्या आकड्यावरून डोस कमी झाला असता, तर शरीराने ती किडनी नाकारलीही असती.

दुसरा घोटाळा नळीचा. टॅक्रोलिमस आणि सीएमव्ही (सायटोमेगॅलो) विषाणूची पीसीआर, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणारी तपासणी, दोन्हींना जांभळ्या टोपीचीच नळी. पण टॅक्रोलिमस लाल पेशींत बसतं, म्हणून ती नळी मशीनमध्ये फिरवायची नाही, अख्खं रक्त पाठवायचं. पीसीआरला प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग) मागितला असेल, तर दुसरी नळी फिरवून तो वेगळा काढायचा, तोही वेळेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर असतो. नळी टेबलावर ठेवून चहाला जाऊ नका.

सीएमव्हीचा आयजीएम (अँटीबॉडीची तपासणी) निगेटिव्ह आला म्हणून "काही नाही" असं सांगायचं नाही. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, अँटीबॉडी बनतीलच असं नाही. पीसीआरमध्येही विषाणूचा आकडा 1000 चा 1500 झाला म्हणजे विषाणू वाढला असं होत नाही. साधारण तिपटीचा फरक खरा धरतात, तोही एकाच लॅबचा असेल तर. पांढऱ्या पेशी घटल्या तर विषाणूमुळेही असेल, त्यावरच्या व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर या औषधामुळेही.

मला सगळ्यात धास्ती वाटते ती नव्या किडनीला इजा करणाऱ्या बीके विषाणूची. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला घटक) वाढतं, बाकी लक्षण काही नाही. रिजेक्शनमध्येही, म्हणजे शरीर किडनी नाकारतं तेव्हाही, तसंच. रिजेक्शनमध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवतात, बीकेमध्ये कमी करतात. म्हणून क्रिएटिनिन चढलेलं दिसलं की मी रिपोर्ट छापून थांबत नाही, डॉक्टरांना फोन करतो.

काका आता गोळी खिशात घेऊन येतात. सुई निघाली की आधी पाणी मागतात.