बाळंतपणाचे सरकारी पैसे: दिवस राहिल्यापासून खात्यात जमा होईपर्यंत

दवाखान्यात बाळंतपण केलं की सरकार पैसे देतं, हे पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांपासून नाशिक रोडच्या चाळींपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. गाडी अडते ती बँकेत. म्हणून पासबुकापासूनच सुरुवात करू.

खातं बाईच्या स्वतःच्या नावावर हवं, नवऱ्याचं चालत नाही. आधारावर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, असं असेल तर दिवस राहिल्या राहिल्या दुरुस्त करून घ्या. आता खरी गोम. हे पैसे आधारावरून येतात, म्हणजे आधार ज्या खात्याला जोडलेलं असेल तिथेच पडतात. फॉर्मसोबत कुठल्या पासबुकाची झेरॉक्स लावली याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. माझ्या वहिनीने दोन महिने नव्या खात्याच्या चकरा मारल्या. शेवटी लग्नाआधी काढलेलं जनधनचं पासबुक ट्रंकेतून निघालं, बँकेतल्या यंत्राने ते करकरत छापलं आणि शेवटच्या ओळीत ३००० रुपये! आधाराच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, तपासलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

मग आशाताईला गाठा. पहिल्या तीन महिन्यांतच उपकेंद्रात किंवा मनपाच्या दवाखान्यात नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. प्रत्येक तपासणीची नोंद त्यावर करून घ्यायची. बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर कार्ड पिशवीत सगळ्यात वर ठेवा आणि तिकडच्या आशाताईलाही आधी कळवा.

पैसे दोन योजनांचे, आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. जननी सुरक्षा योजना २००५ सालची. महाराष्ट्रात ती अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या बायकांसाठी आहे: ग्रामीण भागात ७००, शहरात ६०० रुपये. वयाची आणि किती मुलं याची अट २०१३ मध्ये निघाली, त्यामुळे ‘तिसरं आहे, मिळणार नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. जातीचा दाखला किंवा रेशनकार्ड मात्र लागतं.

दुसरी मातृवंदना. पहिल्या बाळासाठी ५०००: नोंदणी आणि एक तपासणी झाल्यावर ३०००, जन्मनोंद आणि बाळाच्या लसींची पहिली फेरी झाल्यावर २०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६००० एकरकमी. हा फॉर्म अंगणवाडीताई किंवा आशाताई भरून देते. सरकारी नोकरीवाल्यांना ही योजना नाही.

सातशे रुपयांत काय होतं, असं सासूबाई म्हणतीलच. खरंय, पण मोठी बचत वेगळीच आहे. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त सगळं मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवणही. त्यामुळे औषधाची चिठ्ठी बाहेरच्या दुकानाची मिळाली तर तिथेच विचारा. कळा सुरू झाल्या की रुग्णवाहिकेसाठी १०२ लावा, परतीची गाडीही फुकट असते. रस्ता घाटाचा आणि पावसाळा तोंडावर असेल तर आधीच विचारून ठेवा: आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत ‘माहेरघर’ असतं, तिथे तारखेच्या चार-पाच दिवस आधी जाऊन राहता येतं.

सुट्टी मिळाली की घरी निघायच्या आधी डिस्चार्ज कार्ड हातात घ्या आणि त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर आधाराशी ताडून पाहा. चूक असेल तर सिस्टरला तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा. बाळाला घेऊन पुन्हा ओपीडीच्या रांगेत उभं राहणं फार जिवावर येतं.