रेसच्या घोड्यात हिस्सा घेताना: भागीदारी कशी जुळवावी, करारात काय लिहावं

थरोब्रेड, म्हणजे खास शर्यतींसाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा, एकट्याने विकत घेऊन रेसला उतरवणं फार थोड्यांना परवडतं. तोच घोडा पाच-दहा जणांनी मिळून घेतला, तर मालक म्हणून शर्यत बघायची संधी साध्या पगारदारालाही मिळते. २००३ साली केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नामांकित शर्यत जिंकणारा फनी साइड हा शाळेतल्या जुन्या मित्रांनी उभ्या केलेल्या एका गटाचा घोडा होता. ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅव्हियार २५ शर्यती धावली आणि सगळ्या जिंकली. तिची मालकीही एका मित्रमंडळींच्या गटाकडे होती.

ही नावं वाचून हुरूप येतो, आणि यायलाच हवा. तरी बरेच घोडे आयुष्यात एकही शर्यत जिंकत नाहीत, हेही आधीच मनाशी धरा. घोडा हरला म्हणून भागीदारी सहसा मोडत नाही. ती मोडते हिशेबावरून, उशिरा कळवलेल्या दुखापतीवरून, एकाने हप्ता थकवल्यावरून. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की घोडा बघायला जाण्याआधी कारभार बघणारा माणूस आणि कराराचा कागद तपासा. घोडा त्यानंतर.

आपण काय घेतोय, ते आधी ओळखा

‘मालकीत सहभागी व्हा’ असं म्हणत चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे ओळखीच्या लोकांची भागीदारी: सगळे मिळून घोडा घेतात आणि एकाला कारभारी नेमतात. दुसरी, व्यावसायिक व्यवस्थापकाने चालवलेलं सिंडिकेट. तो आधी घोडा घेतो, मग त्याचे हिस्से विकतो. तिसरी, कंपनीमार्फत विकले जाणारे अगदी बारीक हिस्से. २०२० चा केंटकी डर्बी विजेता ऑथेंटिक याच्यात असे पाच हजारांहून जास्त छोटे हिस्सेदार होते. चौथी, भाडेपट्टा किंवा क्लबचं सभासदत्व. यात घोडा तुमचा नसतोच. ठरलेल्या मुदतीत तो तुमच्या गटाच्या नावाने धावतो आणि मुदत संपली की मूळ मालकाकडे परत जातो.

चौथा प्रकार वाईट आहे असं नाही. रेसचं जग आतून बघायचं असेल तर तो स्वस्त आणि कमी जोखमीचा रस्ता आहे. फक्त पैसे भरण्याआधी सरळ विचारा, ‘उद्या घोडा विकला गेला, तर विक्रीच्या पैशात माझा वाटा आहे का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर तुम्ही मालकी घेत नाही आहात.

पहिल्यांदाच करत असाल तर पाच ते दहा जणांचा गट मला सोयीचा वाटतो. तिघांत एकाने हात आखडला तर बाकी दोघांवर भार फार पडतो, आणि वीस जण झाले की प्रत्येक निर्णयाला आठवडा जातो.

खर्चाचा हिशेब आधी, बक्षिसाचा नंतर

घोड्याची किंमत एकदाच मोजावी लागते. दाणा-वैरण, मोतद्दाराचा पगार आणि ट्रेनरची फी मात्र दर महिन्याला चालूच राहते, घोडा धावो अथवा आजारी पडून पागेत उभा राहो. त्यावर नालबंद, पशुवैद्य, वाहतूक, शर्यतीची प्रवेश फी आणि विमा.

हे आकड्यांत मांडून बघू; आकडे फक्त प्रमाण कळावं म्हणून घेतलेत. ट्रेनरचं महिन्याचं बिल १०० धरा, म्हणजे वर्षाचे १,२००. वरचे किरकोळ खर्च ३०० धरले तर १,५०० झाले. तुमचा हिस्सा १० टक्के असेल तर तुमच्या खिशातून १५० जाणार. आता घोड्याने १,००० बक्षिसाची शर्यत जिंकली असं समजा. बऱ्याच ठिकाणी जिंकल्यावर ट्रेनरला सुमारे १० टक्के आणि जॉकीलाही तितकेच मिळतात. पागेतल्या लोकांचा वाटा आणि व्यवस्थापकाचं कमिशन वजा केलं की ७५० उरतात आणि तुमच्या हातात पडतात ७५. वर्षाचा नुसता चालू खर्च निघायला अशा दोन शर्यती जिंकायला हव्यात, आणि घोड्याची किंमत अजून वसूल झालेलीच नाही.

हा हिशेब मान्य असेल तरच पुढे जा. मुलांच्या फीचे, घराच्या हप्त्याचे किंवा म्हातारपणासाठी ठेवलेले पैसे इथे लावू नका. वर्षाच्या अंदाजाच्या निदान चौथा हिस्सा रक्कम गटाच्या खात्यात राखीव असू द्या. पशुवैद्याचं मोठं बिल वेळ सांगून येत नाही.

कारभारी कसा तपासावा

व्यवस्थापक असलेल्या सिंडिकेटमध्ये शिरताना मी सगळ्यात आधी एक गोष्ट विचारेन: घोडा लिलावात कितीला घेतला आणि हिस्स्यांची एकूण किंमत किती होते? मोठ्या लिलावांचे भाव उघड असतात, ते तपासता येतात. ४० ला घेतलेला घोडा दहा हिस्स्यांत मिळून ७० ला विकला जात असेल, तर मधले ३० कशाचे? पशुवैद्यकीय तपासण्या, वाहतूक, विमा, काही महिन्यांचा आगाऊ खर्च आणि त्याचा नफा. नफा घेणं रास्त आहे, तो लपवणं नाही. जो माणूस हे कागदावर मांडून देतो, त्याच्याशी पुढचं बोला.

मग त्याच्या जुन्या गटांतल्या दोघा-तिघांना गाठा. त्यातला एक तरी असा असावा, ज्याचा घोडा काहीच करू शकला नाही. वाईट बातमी किती लवकर कळत होती आणि बिलांच्या प्रती मागितल्यावर मिळत होत्या का, एवढं त्याला विचारलं तरी पुष्कळ कळतं. गटाचं बँक खातं वेगळं हवं, व्यवस्थापकाच्या खासगी खात्यात पैसे भरायचे नाहीत. ठिकठिकाणच्या रेसिंग प्राधिकरणांचे सिंडिकेटच्या नोंदणीचे, सभासदसंख्येचे आणि जबाबदार व्यक्तीचे स्वतःचे नियम असतात. तुमच्याकडचे नियम आधी वाचून काढा आणि कारभाऱ्याची नोंदणी चालू आहे ना, ते तिथेच तपासा.

करार: इथे घाई नको

गट मित्रांचा असेल तर ‘आपल्यात कसला कागद’ असं कुणीतरी म्हणणारच. नेमकी मैत्री टिकावी म्हणूनच कागद करायचा. साध्या भागीदारीत अनेक देशांच्या कायद्यानुसार प्रत्येक भागीदार सगळ्या देण्याला वैयक्तिक जबाबदार धरला जातो. घोडा सुटून कुणाला इजा झाली, तर भरपाईची मागणी तुमच्या दहा टक्क्यांवर थांबेलच असं नाही. मर्यादित जबाबदारीची रचना करता येते का, हे वकिलाला विचारा आणि त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा घ्या.

कोणता निर्णय कोण घेणार, हे स्पष्ट लिहा. कोणती शर्यत, कोणता जॉकी, कधी विश्रांती, हे ट्रेनर आणि कारभाऱ्याकडे सोपवावं. दहा मालकांनी दहा फोन केले तर चांगला ट्रेनरही वैतागतो. घोडा विकणं, ट्रेनर बदलणं, मोठी शस्त्रक्रिया आणि खच्चीकरण यांसाठी मात्र मतदान हवं. दोन-तृतीयांश बहुमत ठेवा आणि मतं हिस्स्याच्या प्रमाणात की डोकी मोजून, तेही लिहा. खच्चीकरणाचा मुद्दा बारीक वाटतो, पण त्यावर पुढचं सगळं आर्थिक गणित फिरतं. खच्ची केलेला घोडा बहुधा शांत होतो, मन लावून धावतो आणि जास्त वर्षं टिकतो. पैदाशीचं उत्पन्न मात्र कायमचं जातं. फनी साइड खच्ची केलेलाच होता, त्यामुळे त्याची सगळी कमाई मैदानावरचीच. क्लेमिंग शर्यतीत उतरवायचं असेल तरीही आधी संमती घ्या, कारण तिथे धावलेला घोडा जाहीर किमतीला दुसरा कुणी घेऊन जाऊ शकतो.

हप्ता थकला तर काय, याचं कलम सगळे हसत-खेळत असतानाच लिहून घ्या. अमुक दिवस मुदत, मग व्याज, मग तो हिस्सा आधी इतर भागीदारांना आणि त्यांनी नाकारला तर बाहेर विकायचा. स्वतःहून बाहेर पडायचं असेल तर हिस्स्याची किंमत कोण ठरवणार? वादात नसलेला जाणकार आधीच ठरवून ठेवा. भागीदार वारला तर वारसांचं काय, हेही येऊ द्या.

सगळ्यात अवघड निर्णय दुखापतीचा असतो. ड्रीम अलायन्स हा वेल्समधल्या एका खाणकामगार वस्तीतल्या लोकांनी आठवड्याला प्रत्येकी १० पौंड घालून पोसलेला घोडा. २००८ मध्ये त्याच्या पायाचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) जबर दुखावला. त्याला कायमचा निरोप देण्याऐवजी त्याच्याच कमाईतून गटाने स्टेम सेल उपचारांचा मोठा खर्च केला, आणि डिसेंबर २००९ मध्ये तो वेल्श ग्रँड नॅशनल ही मोठी शर्यत जिंकला. प्रत्येक दुखापतीचा शेवट असा होत नाही. उपचारांवर किती खर्च करायचा, याची मर्यादा गटाने आधीच ठरवावी. आणि एक अधिकार कुठल्याही मतदानाविना पशुवैद्याकडे राहू द्या: घोडा असह्य वेदनेत असेल आणि वाचण्याची आशा नसेल, तर त्याची सुटका करण्याचा. मतं गोळा होईपर्यंत त्या जनावराला तडफडत ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

विम्याची कलमं शब्दन् शब्द वाचा. १९८१ मध्ये शेरगर या घोड्याचे ४० हिस्से प्रत्येकी अडीच लाख पौंडांना विकले गेले. फेब्रुवारी १९८३ मध्ये तो आयर्लंडमधल्या स्टड फार्मवरून पळवला गेला आणि परत सापडलाच नाही. ज्या हिस्सेदारांच्या विम्यात मृत्यू होता पण चोरी नव्हती, त्यांना भरपाई मिळाली नाही. घोडा मेल्याचा पुरावाच नव्हता.

आता घोडा

वर्षभराचं शिंगरू घेतलं तर किंमत आणि कागदावरची वंशावळ दोन्ही आकर्षक दिसतात, पण ते दोन वर्षांचं होईपर्यंत धावत नाही आणि कित्येक तर तीन वर्षांचे झाल्यावरच मैदान बघतात. तोवर बिलं येतच राहतात. जन्मतारीखही पाहा. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचं वय १ जानेवारीला, तर दक्षिणेत साधारण १ ऑगस्टला एक वर्षाने वाढलं असं धरतात. फेब्रुवारीत जन्मलेलं आणि मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू एकाच वयोगटात धावतं, आणि लहानपणी तीन महिन्यांचा फरक मोठा असतो. नव्या गटाने आधी काही शर्यती धावलेला, कामगिरी डोळ्यांसमोर असलेला घोडा घ्यावा, असं माझं मत आहे. स्वप्न थोडं लहान होतं, पण वाट बघण्याचे महिने वाचतात.

महाग म्हणजे चांगला हा समज सोडा. २००६ मध्ये द ग्रीन मंकी १ कोटी ६० लाख डॉलरला विकला गेला आणि तीन शर्यती धावून एकही जिंकला नाही. सिएटल स्लू मात्र १७,५०० डॉलरला मिळाला होता, आणि १९७७ मध्ये त्याने अमेरिकेचा तिहेरी मुकुट, म्हणजे एकाच वर्षातल्या तीन मोठ्या शर्यती, तोवर एकदाही न हरता जिंकला.

तपासणीला विकणाऱ्याचा नव्हे, तुमच्या गटाने नेमलेला पशुवैद्य हवा. सांध्यांचे एक्स-रे, हृदय, डोळे आणि घशाची एंडोस्कोपी करून घ्या. घशाचा एक स्नायू लुळा असला तर भरवेगात घोड्याला श्वास पुरत नाही. पाय तपासताना शक्य असेल तर जवळ उभे राहा. पशुवैद्य पुढचा पाय उचलून गुडघा वाकवतो, गुडघ्याखालच्या नळीच्या हाडामागचा टेंडन अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरतो आणि वरून खाली खुराच्या वरच्या सांध्यापर्यंत हळू सरकतो. कुठे गरम लागतं, कुठे फुगवटा आहे, कुठे घोडा पाय ओढून घेतो, हे तो बघत असतो. मग दुसरा पाय. दोन्ही पायांतला फरक त्याला जास्त काही सांगतो. साधारण ५०० किलोच्या या जनावराचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन पायांवर असतं. मग घोडा दगडी किंवा कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवून बघतात. मान दर पावलाला एकाच तालात वर-खाली झटकत असेल तर तो लंगडतोय.

घोडा ठरला की नाव, जॉकीच्या पोशाखाचे रंग आणि मालकीची नोंद करायची. नाव मोकळ्या जागांसह १८ अक्षरांत बसावं लागतं, आणि यावर गटात जितका वेळ जातो तितका दुसऱ्या कशावरही जात नाही. दोन-चार पर्याय तयार ठेवा. शर्यतीच्या दिवशी मालकांचे पास मोजकेच मिळतात, तेव्हा पाळी लावून घ्या. पागेत कळलेली आतली माहिती बाहेर देणं बहुतेक ठिकाणी नियमभंग ठरतं, हे प्रत्येकाला पहिल्याच बैठकीत सांगा. गटाच्या खात्यातून पैजा तर अजिबात नकोत.

शर्यती संपल्यावर

बहुतेक घोड्यांची धावण्याची वर्षं पाच-सहा वयापर्यंत आटोपतात. थरोब्रेड सहज पंचवीस वर्षं जगतो. म्हणजे तुमचा गट मोडल्यावर त्याचं निम्म्याहून जास्त आयुष्य बाकी असतं, आणि जिंकलेल्या बक्षिसाचा वाटा घेणाऱ्या प्रत्येकावर त्याची जबाबदारी आहे. पहिल्या दिवसापासून दर महिन्याच्या हप्त्यातली छोटी रक्कम आणि प्रत्येक बक्षिसाचा ठरावीक टक्का निवृत्तीच्या खात्यात टाका. घोडी असेल तर पैदाशीचा मार्ग असतो; खच्ची घोड्याला रायडिंगसाठी नव्याने शिकवावं लागतं, त्याला काही महिने आणि पैसा लागतो.

नवा मालक ठरला की त्याची जागा जाऊन बघा. मालकी हस्तांतराचे कागद पूर्ण करा, घोड्याचा पासपोर्ट (ओळखीचं पुस्तक) आणि मायक्रोचिपची नोंद नव्या नावावर गेली का ते तपासा. पुढे त्याला घोडा ठेवणं जमलं नाही तर परत घेण्याचा पहिला हक्क गटाचा राहील, अशी अट लेखी घ्या, आणि तिच्याखाली गटातल्या दोघांचे फोन नंबर द्या. हे झाल्यावरच खात्यातली उरलेली रक्कम हिस्स्याप्रमाणे वाटून खातं बंद करा.