बातम्यांच्या संकेतस्थळावरून वाचक का निघून जातो? या चुका टाळा

बातम्यांच्या संकेतस्थळाची पुनर्रचना करायची ठरली की बैठकीतला बहुतेक वेळ मुखपृष्ठावर खर्च होतो. मोठे छायाचित्र कोठे असावे, कोणत्या विभागाची पट्टी वर घ्यावी, यावर तासन्‌तास चर्चा चालते. मात्र सर्च इंजिनमधून, कोणी पाठवलेल्या लिंकवरून किंवा फोनवरच्या नोटिफिकेशनवरून येणारा वाचक थेट बातमीच्या पानावर उतरतो आणि मुखपृष्ठ त्याच्या दृष्टीसही पडत नाही. म्हणून दुरुस्तीला बातमीच्या पानापासून सुरुवात करावी, आणि तीही कार्यालयातल्या मोठ्या स्क्रीनवर नव्हे. संपादकीय विभागातील मंडळी लॉग-इन केलेल्या अवस्थेत, वेगवान इंटरनेटवर, पुष्कळदा जाहिराती अडवणारा ॲड-ब्लॉकर लावून आपलेच पान पाहतात. वाचकाला काय सोसावे लागते, हे त्यांना कळणार तरी कसे? एखादा जुना, साधा फोन घ्यावा, इन्कॉग्निटो विंडोमध्ये (जिथे आपले लॉग-इन लागू नसते) मोबाइल डेटावर कालची बातमी उघडावी आणि ती शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचून पाहावी. पुढे दिलेले बहुतेक दोष या एका चाचणीत उघडे पडतात.

वाचता वाचता मजकूर सरकणे

वाचक परिच्छेदातल्या एका लिंकवर बोट टेकवणार, तेवढ्यात वरची जाहिरात लोड होते, सगळा मजकूर खाली जातो आणि बोट भलतीकडेच पडते. याचे कारण असे की जाहिरातीला किंवा छायाचित्राला किती जागा लागणार, हे ब्राउझरला आधी सांगितलेलेच नसते. पानाच्या कोडमध्ये प्रत्येक छायाचित्राच्या टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहावी आणि जाहिरातीच्या चौकटीला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, किमान उंची द्यावी. जाहिरात आली नाही तरी ती चौकट मिटवू नये, कारण मिटवल्यावर मजकूर पुन्हा उडी मारतो. रिकामी चौकट वाईट दिसते हा आक्षेप खरा आहे, पण चुकून पडलेल्या क्लिकने चिडलेला वाचक त्याहून महाग पडतो.

पानाचा अनुभव मोजणाऱ्या गूगलच्या कोअर वेब व्हायटल्स या निकषांमध्ये या सरकण्याच्या मापाला सीएलएस असे नाव असून ते ०.१ पर्यंत असल्यास चांगले मानले जाते. येथे एक गफलत हमखास होते. पान तपासणाऱ्या गूगलच्या लाइटहाउस या साधनाच्या नेहमीच्या चाचणीत आकडा हिरवा, म्हणजे चांगला येतो, पण संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी असलेल्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये तीच पाने सदोष ठरतात. ती चाचणी पान लोड होईपर्यंतचेच मोजते, तर प्रत्यक्ष वाचक खाली स्क्रोल करतो आणि मधल्या जाहिराती तेव्हा लोड होतात. अशा वेळी प्रत्यक्ष वाचकांकडून गोळा झालेला डेटाच प्रमाण मानावा.

लाइव्ह ब्लॉगमध्ये, म्हणजे घटना घडत असताना नोंदी जोडल्या जाणाऱ्या पानावर, हाच दोष वेगळ्या रूपात येतो. नवी नोंद आपोआप वर घुसवली की वाचत असलेली ओळ हातची जाते. त्याऐवजी ‘३ नव्या नोंदी’ असे बटण दाखवावे आणि त्या केव्हा पाहायच्या हे वाचकावर सोडावे.

आल्या आल्या परवानग्या मागणे

कुकीजची संमती, नोटिफिकेशनची विनंती, ॲप डाउनलोड करण्याची पट्टी आणि वर्गणीची चौकट, असे चार थर बाजूला सारल्यावर पहिली ओळ दिसत असेल, तर वाचकाने मागे फिरणे स्वाभाविक आहे. नोटिफिकेशनची घाई तर आतबट्ट्याचा व्यवहार आहे. वाचकाने एकदा नकार दिला की ब्राउझर संकेतस्थळाला पुन्हा विचारू देत नाही. फायरफॉक्सने जानेवारी २०२० पासून वाचकाने काही कृती केल्याखेरीज ही विनंती पुढे आणणेच बंद केले आहे. बातमी वाचून झाल्यावर, ‘या विषयावरील पुढच्या बातम्या कळवू का?’ असे बटण देऊन विचारावे. चौकट दाखवायचीच असेल तर ती बंद करण्याची खूण ठळक असावी, डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या निकषांनुसार बोटाने दाबायची अशी जागा सर्वसाधारणपणे किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेलची हवी.

तारीख लपवणे

‘२ तासांपूर्वी’ एवढेच लिहिलेले पान कॅशमधून, म्हणजे आधी साठवलेल्या प्रतीतून आले किंवा त्याचा स्क्रीनशॉट फिरू लागला की त्या दोन तासांना अर्थ उरत नाही. पूर्ण तारीख आणि वेळ शीर्षकाजवळच द्यावी, आणि बातमीत बदल केला असल्यास नेमके काय बदलले हेही लिहावे. स्वल्पविराम दुरुस्त करून ‘अद्ययावत’ची वेळ पुढे ढकलणे ही वाचकाची फसवणूकच आहे. जुनी बातमी ताजी म्हणून पसरू नये यासाठी ‘द गार्डियन’ने २०१९ मध्ये जुन्या लेखांवरील वयाची सूचना अधिक ठळक केली आणि लिंक शेअर केल्यावर दिसणाऱ्या चित्रावरही प्रकाशनाचे वर्ष छापायला सुरुवात केली. हा उपाय अनुकरणीय आहे.

मागे जाण्याची वाट अडवणे

एका बातमीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी आपोआप जोडत जाणाऱ्या पानावर तळाशी असलेला संपर्काचा दुवा कधीच हाती लागत नाही. शिवाय प्रत्येक बातमीसरशी पत्ता बदलताना ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद पडत असेल, तर ‘मागे’ हे बटण दाबूनही वाचक तेथेच घुटमळतो. पत्ता बदलायचाच असेल तर नवी नोंद न करता चालू नोंदच बदलावी.

अक्षरांबाबत दोन गोष्टी. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली येतात, त्यामुळे रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींतले अंतर तिला अपुरे पडते. आणि सीएसएसने अक्षरांमधले अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटू शकते. पिंच करून पान मोठे करण्याची सोय तर कोणत्याही लिपीत बंद करू नये.

नवी रचना लागू करताना जुने पत्ते बदलले असतील, तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून ३०१ रीडायरेक्टने (पत्ता कायमचा बदलल्याचे सांगून वाचकाला आपोआप पुढे नेणाऱ्या सूचनेने) त्याच बातमीच्या नव्या पत्त्यावर न्यावे. सरसकट सर्वांना मुखपृष्ठावर पाठवणे हा उपाय नव्हे, कारण वाचकाला हवी असलेली बातमी तेथे नसते. बदलानंतर काही आठवडे सर्व्हरच्या लॉगमधून (भेटींच्या नोंदींतून) ४०४, म्हणजे ‘पान सापडले नाही’ असे उत्तर देणारे पत्ते काढावेत आणि ज्यांवर सर्वाधिक वाचक येऊन आपटतात, ते आधी दुरुस्त करावेत.